शिकण्याचे तास ड्युटीतच हवेत

गेल्या महिन्यात एका रेल्वे रुग्णालयात औषधे घ्यायला गेलो होतो. सकाळचे साडेआठ वाजले असतील. रात्रपाळीचा स्टाफ सुटला होता, दिवसपाळीने चार्ज घेतला होता. बाहेरच्या बाकावर आपल्या संघटनेच्या एक जुन्या सभासद सिस्टर पर्स मांडीवर ठेवून मोबाईलमध्ये डोके घालून बसल्या होत्या. म्हटले, "काय सिस्टर, ड्युटी संपली ना? घरी नाही जायचे?"

"ड्युटी संपली हो भाऊ, आता शाळा सुरू झाली," त्या म्हणाल्या. "दोन कोर्स आज संध्याकाळपर्यंत पूर्ण करायचे आहेत. यादी वर जाणार आहे म्हणे. घरी गेले की मी स्वयंपाकघरात आणि मोबाईल पोरांच्या हातात. म्हणून इथेच उरकून घेते."

कोर्स कशाचा, असे विचारले. वॉर्डात जंतुसंसर्ग कसा टाळावा, याचा होता. विषय चांगला वाटला, तसे त्यांना म्हणालो. त्यावर त्या म्हणाल्या, "विषय चांगलाच आहे. इतके नीट कोणी समजावून सांगितले नव्हते. पण रात्रभर जागून झाल्यावर डोळ्यांपुढे अक्षरे नाचतात, त्याचे काय? शेवटी नुसते पुढे पुढे दाबत जाते."

सिस्टरच्या या बोलण्यात सगळा प्रश्न आला. शिक्षण चांगले आहे, पण ते ज्या वेळी आणि ज्या रीतीने माथी मारले जाते त्यामुळे त्याचा उपयोग होत नाही. प्रमाणपत्र मिळते, यादीत टक्केवारी वाढते आणि वॉर्डात होते तेच चालू राहते. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या या प्रश्नाकडे कामगार चळवळीने अजून पुरेसे लक्ष दिलेले नाही. ते का द्यायला हवे, हे सांगण्यासाठी हा लेख.

हा प्रश्न आपला कसा?

रेल्वे आणि टपाल कामगारांच्या पानावर परिचारिकांच्या अभ्यासक्रमाची चर्चा कशाला, असे एखादा साथी म्हणेल. त्याला तीन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर असे की भारतीय रेल्वेची स्वतःची आरोग्य सेवा आहे. सुमारे सव्वाशे रुग्णालये आणि साडेपाचशेहून अधिक आरोग्य केंद्रे रेल्वे चालवते. मुंबईत भायखळ्याचे मध्य रेल्वेचे आणि मुंबई सेंट्रलचे पश्चिम रेल्वेचे रुग्णालय आपल्यापैकी अनेकांनी आतून पाहिले आहे. तेथील परिचारिका, औषधनिर्माते, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, ड्रेसर, वॉर्डबॉय हे रेल्वे कर्मचारीच आहेत आणि त्यांतील कितीतरी जण आपल्या झेंड्याखाली आहेत.

दुसरे, आपण आणि आपली बायकामुले याच लोकांच्या हातून बरी होतात. टपाल कर्मचारी केंद्रीय आरोग्य योजनेच्या दवाखान्यात जातो, खेड्यातला ग्रामीण डाक सेवक प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो. समोरच्या माणसाला नवे उपचार ठाऊक आहेत की नाहीत, हा त्याच्या जिवाशी संबंधित प्रश्न आहे.

तिसरे उत्तर सर्वांत जवळचे आहे. जी वेळ आज सिस्टरवर आली, ती आपल्यावरही आली आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२० रोजी 'मिशन कर्मयोगी'ला मंजुरी दिली. २८ जून २०२२ रोजी टपाल खात्याचे 'डाक कर्मयोगी' हे पोर्टल सुरू झाले, तेही सुमारे चार लाख ग्रामीण डाक सेवक आणि खात्यातील कर्मचाऱ्यांसाठी. ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्रीय शिक्षण सप्ताह झाला आणि प्रत्येक कर्मचाऱ्याने त्या आठवड्यात किमान चार तास शिकावे असे उद्दिष्ट ठरवण्यात आले. हे चार तास कोणत्या चार तासांतून काढायचे, हे काउंटरवर रांग लागलेल्या पोस्टातल्या बाबूला कोणी सांगितले काय?

शिकणे टाळता येणार नाही

शिकण्याला आपला विरोध नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट केले पाहिजे. वैद्यकाच्या धंद्यात एकदा शिकलेले जन्मभर पुरत नाही. क्षयरोगाचेच पाहा. आपल्याकडे वर्षानुवर्षे क्षयाच्या गोळ्या आठवड्यातून तीन दिवस समोर बसवून दिल्या जात. २०१७ मध्ये ही पद्धत बदलून देशभर रोज औषध देण्याची पद्धत आली आणि वजनानुसार मात्रा ठरू लागल्या. ज्या परिचारिकेने किंवा औषधनिर्मात्याने आपले शिक्षण १९९५ मध्ये पूर्ण केले, तिला हा बदल कोणीतरी शिकवायलाच हवा होता. मग २०२० मध्ये कोविड आला. त्या रोगाचे नावही कोणाच्या पुस्तकात नव्हते.

म्हणून कायद्यानेही शिकत राहण्याची अट घातली आहे. डॉक्टरांसाठी भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत पाच वर्षांत ३० तासांच्या शिक्षणाची अपेक्षा आहे. परिचारिकांसाठी भारतीय परिचर्या परिषदेचा मापदंड पाच वर्षांत १५० तासांचा आहे. नोंदणीच्या नूतनीकरणाशी तो जोडलेला आहे. राज्य परिषदांचे नियम थोडे इकडे तिकडे आहेत, पण दिशा हीच.

या दोन आकड्यांकडे नीट पाहा. ज्याच्याकडे स्वतःची गाडी आहे, ज्याच्या परिषदांचा खर्च अनेकदा औषध कंपन्या उचलत आल्या, त्याला ३० तास. जी तीन पाळ्यांत उभी राहते, जिला रजा मागताना मेट्रनच्या तोंडाकडे पाहावे लागते, तिला १५० तास. परिचारिकेने जास्त शिकू नये असे मी म्हणत नाही. पाचपट शिक्षण मागणाऱ्याने त्याच्या निम्मी तरी सोय करावी, एवढेच म्हणणे आहे. नोंदणीसाठीचे तास वेगळे आणि खात्याच्या पोर्टलवरचे कोर्स वेगळे, असा दुहेरी भार असेल तर विचारायलाच नको.

मोबाईलवरचे शिक्षण कोठे उपयोगी पडते

ऑनलाइन शिक्षण म्हणजे सगळा देखावा, असे म्हणणेही चुकीचे ठरेल. एप्रिल २०२० मध्ये देश बंद असताना केंद्र सरकारने 'दीक्षा' या मंचावर आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी कोविडचे पाठ सुरू केले. तेव्हा गाड्या बंद होत्या, वर्ग भरवणे अशक्य होते. अशा वेळी हजारो कोसांवरच्या माणसापर्यंत माहिती पोहोचवण्याचे दुसरे साधनच नव्हते.

त्याहून चांगले उदाहरण अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याचे आहे. तेथे डॉ. संजीव अरोरा या भारतीय वंशाच्या डॉक्टरांनी २००३ मध्ये 'एको' नावाचा प्रकल्प सुरू केला. यकृताच्या हेपॅटायटिस सी या रोगाचे तज्ज्ञ शहरात आणि रोगी खेड्यांत व तुरुंगांत, अशी स्थिती होती. अरोरांनी रोग्यांना शहरात आणण्याऐवजी खेड्यातल्या डॉक्टर-परिचारिकांना दर आठवड्याला पडद्यावर एकत्र बसवले. प्रत्येकाने आपला खरा रोगी मांडायचा, तज्ज्ञाने आणि इतरांनी त्यावर चर्चा करायची, पुढच्या आठवड्यात काय झाले ते सांगायचे. २०११ मध्ये ४०७ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. विद्यापीठाच्या रुग्णालयात ५७.५ टक्के रोगी बरे झाले होते आणि खेड्यांत व तुरुंगांत ५८.२ टक्के. म्हणजे लहान दवाखाना मोठ्या रुग्णालयाच्या तोडीस तोड ठरला. पुढे बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनेही मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीच्या कामासाठी ही पद्धत घेतली.

पण यातले मर्म ध्यानात घ्या. तेथे शिकवणारा जिवंत माणूस समोर होता, प्रश्न विचारता येत होता, रोगी खरा होता आणि ही बैठक कामाचाच भाग म्हणून होत होती. आपल्याकडे नक्कल झाली ती फक्त पडद्याची. चित्रफीत चालू होते, खाली चार पर्याय येतात, चुकले तर पुन्हा दाबायचे, आणि शेवटी प्रमाणपत्र. यात शिकवणारा नाही, रोगी नाही आणि प्रश्न विचारण्याची जागाही नाही.

हाताचे काम हातानेच शिकावे लागते

फलाटावर एखादा प्रवासी छातीत कळ येऊन कोसळतो, हा प्रसंग आपल्यातल्या अनेकांनी पाहिला आहे. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्यायचा असतो आणि प्रौढ माणसाची छाती प्रत्येक वेळी पाच ते सहा सेंटिमीटर खाली गेली पाहिजे. हे वाक्य वाचायला दहा सेकंद लागतात. पण पाच सेंटिमीटर म्हणजे किती जोर, हे पुतळ्यावर हात टेकवून घाम निघेपर्यंत दाबल्याशिवाय कळत नाही. शिवाय एकदा शिकले तरी काही महिन्यांत हात विसरतो, म्हणून पुन्हा पुन्हा सराव लागतो. मोबाईलवरचा कोर्स पूर्ण केला म्हणून सिस्टरला हे येते असे मानणे, म्हणजे चित्र पाहून पोहता येते असे मानणे होय.

याबाबत महाराष्ट्राला कोणाकडून धडे घेण्याची गरज नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले. फारशी शाळा न शिकलेल्या खेड्यातल्या बायकांना त्यांनी गावाच्या आरोग्यसेविका बनवले. या बायका दर आठवड्याला जामखेडला येत, एकत्र राहत, गावात काय घडले ते सांगत आणि त्यातूनच पुढचा धडा शिकत. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नव्वदच्या दशकात ३९ गावांतल्या स्त्रियांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. श्वास मोजणे, बाळ ऊबदार ठेवणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे, इंजेक्शन देणे, हे सारे प्रत्यक्ष बाळाजवळ बसून. या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटले. हा अभ्यास १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि पुढे देशभरच्या आशा सेविकांच्या प्रशिक्षणात ही पद्धत घेतली गेली. त्यासाठी पाच-पाच दिवसांच्या चार फेऱ्या, असे वीस दिवस ठरवण्यात आले.

जामखेड आणि गडचिरोली येथे मोबाईल नव्हता. शिकवणारा माणूस, शिकण्यासाठी राखून ठेवलेला वेळ आणि चुकल्यावर न रागावता दुरुस्त करणारी देखरेख मात्र होती. मोबाईल आला म्हणून या तीन गोष्टींची गरज संपत नाही.

खर्च कोणाच्या माथी?

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. प्रशासनाला ऑनलाइन शिक्षण इतके का आवडते? ते कोठूनही घेता येते, हे कारण सांगितले जाते. खरे कारण हिशेबात आहे. कर्मचाऱ्याला वर्गात बोलावले की त्याचा दिवस मोडतो. त्याच्या जागी बदली माणूस द्यावा लागतो. प्रवासभत्ता, दैनिक भत्ता, राहण्याची सोय, शिकवणाऱ्याचे मानधन, हे सगळे खर्चात पडते. तोच पाठ मोबाईलवर पाठवला की हा सारा खर्च कागदावरून नाहीसा होतो.

कागदावरून नाहीसा झाला तरी खर्च संपत नाही. तो कर्मचाऱ्याच्या घरी जातो. मोबाईल त्याचा, नेटपॅक त्याचा, वेळ त्याच्या झोपेतला. आरोग्य खात्यात हा कर्मचारी बहुतेक वेळा बाई असते. तिची घरची पाळी ड्युटीची पाळी संपल्यावर सुरू होते. म्हणून तिच्यासाठी 'फावल्या वेळात करा' या शब्दांना काही अर्थ नाही.

आशा सेविकांची स्थिती याहून कठीण. २००५ मध्ये ही योजना सुरू झाली आणि आज देशात सुमारे दहा लाख आशा आहेत. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. पण सरकारच्या लेखी त्या कामगार नाहीत, स्वयंसेविका आहेत. त्यांना पगार नाही, कामागणिक मोबदला आहे. ज्या कामाचा दर ठरलेला नाही ते काम फुकट. मग मोबाईलवर पाठ पाहण्याच्या तासाचा दर कोणता? महाराष्ट्रातील आशांनी २०२१ आणि २०२३ मध्ये संप केले. त्यांच्या गाऱ्हाण्यांत ऑनलाइन कामांचा वाढता बोजा हेही एक गाऱ्हाणे होते. आपल्या ग्रामीण डाक सेवक बांधवांना हे दुखणे समजावून सांगण्याची गरज नाही. 'विभागबाह्य' या शब्दाखाली त्यांनी हेच भोगले आहे.

साधनांचा अनुभवही जुना नाही. अंगणवाडी सेविकांना सरकारने मोबाईल दिले. कमी क्षमतेचे ते हँडसेट नव्या ॲपचा भार पेलेनात, बिघडले की दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या अंगावर, आणि ॲपमधला मजकूर इंग्रजीत. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील हजारो सेविकांनी मोर्चे काढून ते मोबाईल सरकारला परत केले. त्या शिकायला किंवा नोंदी करायला तयार नव्हत्या असे नाही. निकामी हत्यार देऊन वर जाब विचारला जात होता, त्याला त्यांचा नकार होता.

कामाचा तास म्हणजे काय?

कामाचा तास कोणता आणि विश्रांतीचा कोणता, हा वाद आपल्या चळवळीला नवा नाही. जुलै १९४६ मध्ये टपाल कामगारांचा ऐतिहासिक संप झाला. त्या काळात टपाल आणि रेल्वे अशा दोन्ही खात्यांच्या तंट्यांत मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांनी निवाडे दिले. रेल्वेच्या १९४७ च्या निवाड्यात कामाचे तास आणि विश्रांती हाच विषय होता. गाडीची वाट पाहत हजर राहण्याचा वेळ कसा मोजायचा, कोणत्या कामाला सतत लक्ष लागते आणि कोणत्या कामात खंड पडतो, याची छाननी त्या वेळी झाली. आज आपल्या रोस्टरमध्ये कंटिन्युअस, इंटेन्सिव्ह हे शब्द आपण सहज वापरतो, त्यामागे ही लढाई आहे.

त्या लढाईचे फळ प्रशिक्षणातही दिसते. स्टेशन मास्तर किंवा गार्ड, ज्याला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, रिफ्रेशरसाठी भुसावळच्या प्रशिक्षण संस्थेत जातो तेव्हा तो ड्युटीवर असतो. त्याचा पगार चालू राहतो. "सिग्नलचे नियम घरी मोबाईलवर वाचा आणि उद्या गाडी घेऊन जा," असे त्याला कोणी म्हणत नाही, कारण त्याच्या अज्ञानाची किंमत काय असते हे प्रशासन जाणते. टपाल सहायक वडोदऱ्याच्या प्रशिक्षण केंद्रात जातो तोही नोकरीवर असतानाच. रनिंग स्टाफच्या मंजूर संख्येत तर रजेसाठी आणि प्रशिक्षणासाठी जादा माणसे धरलेली असतात.

मग रुग्णालयात हा न्याय का नको? चुकीचा सिग्नल आणि चुकीचे इंजेक्शन यांत परिणामाच्या दृष्टीने फरक कोणता?

आंतरराष्ट्रीय पातळीवरही हे तत्त्व मान्य झालेले आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७४ मध्ये पगारी शैक्षणिक रजेबाबत १४० क्रमांकाचा ठराव केला. कामाच्या वेळेत, पुरेशा वेतनासह शिक्षणासाठी रजा, अशी त्याची व्याख्या आहे आणि कामगार संघटनेचे शिक्षणही त्यात धरलेले आहे. १९७७ मध्ये परिचारिकांच्या कामाच्या अटींबाबत १४९ क्रमांकाचा ठराव झाला. भारत १९१९ पासून या संघटनेचा संस्थापक सभासद आहे, पण या दोन्ही ठरावांवर त्याने अजून मान्यतेची मोहोर उठवलेली नाही.

प्रशासनाचे म्हणणे

प्रशासन म्हणेल, आधीच परिचारिका कमी, त्यांना वर्गात बसवले तर रोग्यांकडे कोण पाहणार? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. तेव्हा सरळ हिशेबच करू. पाच वर्षांत १५० तास म्हणजे वर्षाला ३० तास, म्हणजे आठ तासांच्या पावणेचार ड्युट्या. शंभर परिचारिकांच्या रुग्णालयात वर्षाला ३७५ ड्युट्या होतात. साप्ताहिक सुट्ट्या आणि रजा वगळता एक माणूस वर्षात अडीचशेच्या आसपास ड्युट्या करतो. म्हणजे शंभर परिचारिकांना संपूर्ण शिक्षण ड्युटीत द्यायचे तर दीड माणूस जादा लागेल. शंभराला दीड! एवढ्यासाठी रुग्णालय कोलमडते असे जो म्हणतो, त्याने आधी रिकाम्या पडलेल्या मंजूर जागांचा हिशेब द्यावा.

दुसरा आक्षेप असा की वेळ दिला तरी लोक शिकणार नाहीत, गप्पा मारत बसतील. ज्या शिक्षणात प्रश्न विचारता येतो, ज्यातून वॉर्डातली अडचण सुटते, तेथे गप्पा कोणी मारत नाही. आणि आज जे चालते त्यात तरी कोण शिकते आहे? शेवटच्या दिवशी तीन कोर्स दाबून पूर्ण करणाऱ्याच्या डोक्यात काय राहते, हे अधिकाऱ्यांनाही ठाऊक आहे. त्यांनाही वर टक्केवारी दाखवायची असते, म्हणून सगळेच गप्प.

आपलाही दोष आहे

येथे थोडे स्वतःकडेही पाहावे लागेल. एकाच्या मोबाईलवर पाच जणांचे कोर्स पूर्ण करून देणारे हुशार लोक आपल्यातही आहेत आणि त्यांचे आपण कौतुक करतो. मुलाला लॉगिन देऊन त्याच्याकडून परीक्षा देववणारेही आहेत. तात्पुरती अडचण टळते, पण त्यातून आपण प्रशासनाच्या हातात पुरावाच देतो की सर्व कर्मचारी घरबसल्या, आनंदाने, शंभर टक्के शिकले. उद्या वॉर्डात चूक झाली की तेच प्रमाणपत्र काढून विचारतील, "तुम्हाला प्रशिक्षण दिले होते ना?" ज्या कागदाने रोग्याचे भले झाले नाही, तोच कागद कर्मचाऱ्याविरुद्धच्या आरोपपत्राला जोडला जाईल.

दुसरा दोष संघटनेचा. वेतन, भत्ते, पेन्शन यांवर आपण रास्तपणे लढतो. पण प्रशिक्षणाचा विषय आला की तो प्रशासनाचा प्रांत समजून सोडून देतो. पी. एन. एम.च्या किती बैठकांत रुग्णालयातील प्रशिक्षणाचा मुद्दा आपण घेतला? वॉर्डबॉयचा ड्रेसर व्हावा, ड्रेसरला पुढची वाट मिळावी, यासाठी शिक्षणाची शिडी आपण मागितली काय? शिक्षण हे बढतीचे साधन झाले पाहिजे. आज ते हजेरीपटासारखे वापरले जाते आणि वार्षिक मूल्यमापन अहवालाशी जोडण्याची भाषा होते. अहवालात जोडणार असाल तर आधी रोस्टरमध्ये जोडा, हे ठणकावून सांगण्याची वेळ आली आहे.

मागण्या

शाखांनी आपल्या बैठकीत चर्चा करून पुढील मागण्या वरच्या पातळीवर न्याव्यात, असे सुचवावेसे वाटते :

१. सक्तीचे प्रत्येक प्रशिक्षण, मग ते वर्गातले असो वा मोबाईलवरचे, ड्युटीचा वेळ म्हणून मोजावे आणि रोस्टरमध्ये दाखवावे. रात्रपाळीनंतरच्या विश्रांतीत कोणताही कोर्स देऊ नये.

२. रुग्णालयांच्या मंजूर जागा ठरवताना रजेसाठी धरतात तशीच प्रशिक्षणासाठीही जादा माणसे धरावीत. त्याआधी रिकाम्या जागा भराव्यात.

३. खात्याने संगणक, जोडणी आणि बसायला जागा कामाच्या ठिकाणीच द्यावी. स्वतःचा मोबाईल वापरायला लावला तर त्याचा खर्च द्यावा.

४. हाताने करावयाच्या कामाचे प्रशिक्षण हातानेच व्हावे. प्रत्येक विभागीय रुग्णालयात सरावाचे पुतळे, साहित्य आणि शिकवणारा माणूस असावा.

५. पाठ कर्मचाऱ्याच्या भाषेत असावेत. नागपूरच्या वॉर्डबॉयला मराठीत, हुबळीच्या वॉर्डबॉयला कन्नडमध्ये.

६. खात्याचे प्रशिक्षण परिचर्या परिषदेच्या नोंदणीसाठीही मान्य व्हावे. एकाच माणसाला दोनदा शिकवू नये आणि दोनदा फी भरायला लावू नये.

७. आशा, कंत्राटी परिचारिका आणि आउटसोर्स कर्मचारी यांनाही प्रशिक्षणाच्या वेळेचा मोबदला मिळावा. रोगी हात लावणाऱ्याचे नियुक्तिपत्र पाहत नाही.

यांतील एकही मागणी अवास्तव नाही. भुसावळला जाणाऱ्या गार्डला जे मिळते तेच भायखळ्याच्या सिस्टरला द्या, एवढाच याचा अर्थ. आणि जे सिस्टरला मिळेल तेच उद्या 'डाक कर्मयोगी'वर कोर्स करणाऱ्या पोस्टमनलाही मिळेल. म्हणून या लढ्यात आपण तिच्या मदतीला चाललो आहोत असे समजू नये. ही आपलीच लढाई आहे, ती फक्त रुग्णालयापासून सुरू होते आहे.

त्या दिवशी औषधे घेऊन बाहेर पडलो तेव्हा पावणेदहा वाजले होते. सिस्टर बाकावरच होत्या. मोबाईल हातात तसाच होता आणि मान भिंतीला टेकून त्यांना झोप लागली होती. मोबाईलवर पाठ चालूच होता. उठवावे की झोपू द्यावे, हे कळेना. शेवटी त्यांचा मोबाईल पर्सवर नीट ठेवला आणि निघालो. तो कोर्स त्यांच्या नावावर पूर्ण झाला असणार. त्या आठवड्याच्या यादीत आणखी एक टक्का वाढला असणार. पुढच्या महिन्यात आपल्या शाखेची बैठक आहे. त्या बैठकीत हा विषय पहिल्या क्रमांकावर घ्यावा, अशी सर्व साथींना विनंती आहे.